नवनीत-शर्करा : घरगुती निर्मिती आणि अनुपानविचार

औषधाच्या चिठ्ठीवर 'लोणी-खडीसाखरेसह' असे तीन शब्द लिहिण्यास वैद्यास क्षणभरही लागत नाही. ते शब्द रुग्णाच्या घरी पोहोचल्यावर त्यांचे काय होते, याची चौकशी मात्र फारशी केली जात नाही. आमच्या उल्हास खोऱ्यातील अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर आणि जांभूळ या पट्ट्यात गेल्या काही दशकांत घरांची रचना बदलली. डेरा, रवी आणि घुसळखांब माजघरातून गेले. पिशवीतील दूध आले, शीतकपाट आले आणि लोणी या शब्दाचा अर्थच अनेक घरांत 'बाजारातील पिवळे बटर' असा झाला. रक्तार्शाच्या रुग्णास नागकेशराचे चूर्ण लोणी-साखरेतून घेण्यास सांगावे आणि त्याने ते खारट पिवळ्या बटरमधून पंधरा दिवस घ्यावे, असे प्रसंग आमच्या पाहण्यात वारंवार येतात. गुण आला नाही म्हणून औषधास दोष दिला जातो. वस्तुतः औषधाचे वाहनच बदललेले असते.

म्हणून प्रस्तुत लेखात गोड, सुगंधित लोणी घरी कसे करावे, त्यात काय घालावे, काय घालू नये आणि कोणास देऊ नये, याचा विचार करण्याचे योजिले आहे. विषय स्वयंपाकघरातील आहे म्हणून तो क्षुल्लक समजू नये, अशी वैद्यबंधूंना व औषधालयचालकांना विनंती आहे.

नवनीत म्हणजे नेमके कोणते?

शब्दाची फोड करताच पहिली अट समजते. नव म्हणजे ताजे, नीत म्हणजे काढलेले. संहिताकारांनी या अटीस फार महत्त्व दिले आहे. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सत्ताविसाव्या अध्यायात जे गुण सांगितले, म्हणजे संग्राही, दीपन, हृद्य आणि ग्रहणी, अर्श, अर्दित व अरुची यांवर हितकर, ते नुकत्याच काढलेल्या लोण्याचे आहेत. सुश्रुताचार्य तर ताजे आणि बऱ्याच काळापूर्वी काढलेले असा स्पष्ट भेद करतात. ताजे लोणी लघु, शीत, मधुर, किंचित कषाय व किंचित अम्ल, मेध्य आणि वात-पित्तहर. जुने लोणी गुरु, कफ व मेद वाढविणारे, बृंहण. भावप्रकाशात शिळ्या लोण्यास क्षार, कटु व अम्ल रस येतो आणि ते छर्दी, अर्श व कुष्ठ यांस प्रकोपक ठरते, असे सांगितले आहे. ज्या अर्शासाठी आपण लोणी देतो, तोच अर्श शिळ्या लोण्याने वाढतो, एवढे ध्यानात घेतले तरी ताजेपणाचा आग्रह का, हे वेगळे सांगावयास नको.

येथे आजच्या घरांतील एक प्रथा तपासून पाहणे अगत्याचे आहे. रोजच्या दुधावरील साय काढून शीतकपाटात साठवितात, आठ-दहा दिवसांनी तीस विरजण लावतात आणि मग लोणी काढतात. लोणी आज काढले म्हणून ते 'नव' म्हणावे काय? आमचे मत नकारार्थी आहे. साय साठवणुकीत हळूहळू आंबते. थंडीतही वाढू शकणारे जंतू दुधातील स्निग्धांशाचे विघटन करीत राहतात आणि आठव्या दिवशी त्या सायीस किंचित कडवट चव व उग्र वास येतो. अशा लोण्याचे तूप कढविल्यास तो दोष बराचसा झाकला जातो; पण लोणी कच्चेच घ्यावयाचे असल्यास तो तसाच पोटात जातो. औषधी उपयोगासाठी दोन, फार तर तीन दिवसांची साय घ्यावी. तुपासाठी आठवड्याची साय चालते, हा भेद रुग्णास स्पष्ट सांगावा.

या संदर्भात एक जुनी गोष्ट आठवते. मुंबईच्या जिभेस दीर्घकाळ पॉल्सन या नावाच्या बटरची सवय होती. ते आंबलेल्या सायीपासून केलेले, खारवलेले व तीव्र चवीचे असे. आणंद येथील सहकारी दूध संघ १९४६ साली स्थापन झाला आणि पुढे त्याने ताज्या सायीचे बटर बाजारात आणले, तेव्हा ते मुंबईकरांस बेचव वाटले. अखेर त्यांनाही मीठ व रंग घालावा लागला, असे डॉ. वर्गीस कुरियन यांनी आपल्या आठवणींत नमूद केले आहे. 'पॉल्सन लावणे' हा खुशामतीचा वाक्प्रचार तेवढा मागे राहिला. सांगण्याचा हेतू इतकाच की, पिवळा रंग व खारट चव ही लोण्याची ओळख मुळात आपल्याकडची नव्हेच. घरी काढलेले गाईचे लोणी फिकट पिवळसर, म्हशीचे पांढरेशुभ्र, आणि दोन्ही अळणी.

प्रचलित अन्नमानकांप्रमाणे खाण्याच्या बटरमध्ये किमान ८० टक्के दुग्धस्निग्धांश आवश्यक असून मीठ ३ टक्क्यांपर्यंत चालते. पांढऱ्या, अळणी लोण्यास किमान ७६ टक्के स्निग्धांशाची अट आहे. रक्तार्श व रक्तपित्त यांत लवण रस पित्तास व रक्तास प्रकोपक मानला आहे. तेव्हा खारे बटर साखर घालून 'गोड' केले, तरी ते अनुपान म्हणून त्याज्यच ठरते. नाइलाजाने बाजारातून घ्यावयाचे झाल्यास वेष्टनावर 'मीठविरहित' असा उल्लेख पाहून घ्यावे. उघड्या परातीतील पांढऱ्या लोण्याविषयी मात्र आम्ही सावध राहण्यास सांगू. त्यात वनस्पती तूप मिसळलेले असल्यास घरी ओळखण्याचा खात्रीचा उपाय नाही. पिष्टमय भेसळ तेवढी आयोडीनच्या थेंबाने निळा रंग येऊन कळते.

दूध व साय

दूध कोणते घ्यावे, हा प्रश्न रुग्ण हमखास विचारतात. आमच्या पंचक्रोशीत तबेल्याचे म्हशीचे दूध मिळते. गाईचे दूध बहुधा पिशवीतूनच येते. गाईचे लोणी वर्ण, बल व अग्नी यांस हितकर. म्हशीचे गुरु, वात-कफकर, पण दाह व श्रम हरण करणारे व शुक्रवर्धक, असा भावप्रकाशाचा निवाडा आहे. अर्श, ग्रहणी, कास आणि बालके यांसाठी गाईचे. अनिद्रा, दाह व श्रमाने कृश झालेला पण अग्नी उत्तम असलेला रुग्ण यांसाठी म्हशीचे, असा विवेक करावा. दोहोंपैकी एकच उपलब्ध असेल तर जे ताजे ते घ्यावे, हेही आम्ही जोडू इच्छितो.

पिशवीच्या दुधात एक व्यावहारिक अडचण आहे. एकजीव केलेल्या, म्हणजे होमोजिनाइज्ड दुधातील स्निग्ध कण यंत्राने इतके बारीक केलेले असतात की ते वर येऊन साय धरीत नाहीत. अशा दुधावर पातळ पापुद्रा येतो, तो टाकून देण्यासारखाच. टोन्ड दुधात ३ टक्के स्निग्धांश असतो, मलईदार दुधात ६ टक्के. तेव्हा पिशवीवरील मजकूर वाचावा आणि होमोजिनाइज्ड नसलेले, किमान ६ टक्क्यांचे दूध घ्यावे. ६ टक्क्यांच्या एक लिटर दुधातील सर्व स्निग्धांश निघाला तर हिशेबाने ८० ग्रॅमच्या आसपास लोणी व्हावे. केवळ सायीवर अवलंबून राहिल्यास प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी मिळते, कारण साय काढल्यावरही दुधात बरीच स्निग्धता उरते. आमच्या आज्या संपूर्ण दुधाचेच दही लावून घुसळीत असत. त्यात लोणी अधिक निघे आणि घरादारास ताकही मिळे.

कच्च्या, न तापविलेल्या दुधाची साय वापरण्याचा आग्रह हल्ली काही मंडळी धरतात. आम्ही त्यास अनुकूल नाही. क्षय व ब्रुसेला यांसारखे जंतू कच्च्या दुधातून लोण्यात उतरू शकतात आणि लोणी पुढे तापविले जात नाही. दूध उकळून थंड केल्याने नवनीताच्या गुणात काही उणे येते, असे आम्हांस वाटत नाही.

घुसळण्याचा विधी

दूध उकळी आल्यावर मंद आचेवर पाच-सात मिनिटे ठेवावे. निवल्यावर झाकून थंड जागी किमान सहा तास ठेवल्यास साय जाड व सलग निघते. दोन-तीन दिवसांची साय एकत्र करून कोमट असता तीत अर्धी वाटी सायीस एक लहान चमचा या प्रमाणात ताजे, गोडसर दही विरजण म्हणून घालावे. आंबट दह्याचे विरजण घातल्यास लोणीही आंबट होते. हिवाळ्यात नऊ-दहा तास, उन्हाळ्यात पाच-सहा तास पुरतात. दही लागले की ते आणखी आंबण्याची वाट न पाहता शीतकपाटात ठेवावे.

लोणी निघणे न निघणे हे बहुतांशी तपमानावर ठरते. घरोघरी होणारा सर्वांत मोठा घोटाळा येथेच होतो. घुसळताना सायीचे तपमान १० ते १४ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावे. याहून अधिक उष्णता असल्यास स्निग्धांश मऊ पडतो, लोणी गोळा न होता ताकात तेलकट तवंगासारखे पसरते आणि बराचसा अंश ताकाबरोबर वाया जातो. फारच थंड असल्यास कण इतके कठीण राहतात की ते एकमेकांस चिकटत नाहीत आणि घुसळणारा हात थकतो. चैत्र-वैशाखात आमच्या खोऱ्यात पारा चाळिशी गाठतो. त्या दिवसांत लोणी पहाटे काढावे, भांडे बर्फाच्या पाण्यात ठेवावे व घुसळताना अधूनमधून थंड पाणी शिंपावे. जुन्या बायका भल्या पहाटे ताक घुसळीत, त्यामागचे कारण हेच.

रवी असेल तर रवी, नसेल तर मिक्सरही चालतो. परंतु मिक्सर थांबत थांबत, मंद वेगाने फिरवावा. सतत वेगाने फिरविल्यास पाते तापते. प्रथम साय फुगते, मग दाट होते, नंतर एकाएकी आवाज बदलतो आणि पातळ ताकात ज्वारीच्या दाण्याएवढे कण दिसू लागतात. येथेच थांबावे. आणखी घुसळले तर कणांच्या गोळ्यात ताक कोंडले जाते आणि ते पुढे धुऊनही निघत नाही.

ताक गाळून घेऊन लोण्यावर थंड पाणी ओतावे, हलक्या हाताने फिरवून पाणी टाकावे. असे दोनदा, फार तर तीनदा करावे. शेवटचे पाणी जवळजवळ स्वच्छ दिसावे. ताकातील प्रथिने व शर्करा लोण्यात राहिल्यास जंतूंस आयते खाद्य मिळते आणि लोणी लवकर खवट होते. शतधौत घृताच्या चालीवर लोणी वीस-पंचवीस वेळा धुणारे उत्साही गृहस्थही आम्ही पाहिले आहेत. शतधौत घृत बाह्य उपयोगासाठी असते. येथे लोण्यातील किंचित अम्ल-कषाय अंश सुश्रुताचार्यांनी गुण म्हणूनच वर्णिला आहे. तो संपूर्ण धुऊन टाकण्याचे प्रयोजन नाही.

धुण्याचे पाणी उकळून थंड केलेले असावे. याविषयी दोन शब्द अधिक लिहितो. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे, बारवी धरणाच्या पाण्यावर चालणारे जलशुद्धीकरण केंद्र जांभूळ येथेच आहे आणि तेथून शुद्ध झालेले पाणी या पट्ट्यातील मोठ्या वस्तीस मिळते. परंतु केंद्रातून शुद्ध निघालेले पाणी इमारतीच्या टाकीतून घरात येईपर्यंत तसेच राहते, असे गृहीत धरता येत नाही. विहिरी व कूपनलिका यांचा प्रश्न वेगळाच. २६ जुलै २००५ चा महापूर आणि २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्याने वेढली गेली तो पूर, या दोन्ही वेळी उल्हास नदीचे पाणी वस्तीत शिरले होते. वर्षाऋतूत अग्नी आधीच मंद असतो. अशा दिवसांत गढूळ पाण्याने धुतलेले, न तापविलेले लोणी ग्रहणीच्या रुग्णास देणे म्हणजे आगीत तेल ओतण्यासारखे आहे. पावसाळ्यात घरी लोणी करण्याची खात्रीची सोय नसेल तर अनुपान बदलावे, तूप द्यावे.

शेवटी लोणी थंड परातीत लाकडी उलथन्याने दाबून त्यातील पाणी निपटावे. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग साखर घातल्यावर लोण्यास पाणी का सुटते म्हणून विचारतात.

साखर व सुगंधी द्रव्ये

लोणी हे स्निग्धांशात पाण्याचे सूक्ष्म थेंब अडकलेले मिश्रण आहे. साखर स्निग्धांशात विरघळत नाही. ती त्या थेंबांतच विरघळते. जाड दाणे घातल्यास ते आपल्याभोवतीचे पाणी ओढून घेतात आणि लोण्यातून पाक पाझरू लागतो. यास्तव खडीसाखर खलात बारीक कुटून वस्त्रगाळ करावी. बाजारातील दळलेल्या साखरेत गुठळ्या होऊ नयेत म्हणून कधी कधी पिष्ट मिसळलेले असते, ती टाळावी. आम्ही वापरतो ते प्रमाण असे : लोणी ४ भाग, खडीसाखर १ भाग. म्हणजे २०० ग्रॅम लोण्यास ५० ग्रॅम खडीसाखर. याहून गोड केल्यास गुरुत्व वाढते आणि सुगंधी द्रव्याची चवही दबते.

वेलची सालीसह कुटू नये. दाणे काढून थोड्या खडीसाखरेबरोबर खलावेत, म्हणजे तेल उडून न जाता साखरेत धरले जाते. २०० ग्रॅमला एक ग्रॅम पुरे. केशराबाबत सर्वसाधारण रीत गरम दुधात भिजविण्याची आहे; पण त्या दुधाने लोण्यात पाणी व प्रथिने पुन्हा शिरतात. त्यापेक्षा केशराच्या चाळीस-पन्नास काड्या किंचित शेकून खडीसाखरेबरोबर कोरड्याच खलाव्यात. रंग प्रथम कमी दिसतो, पण तासाभरात लोण्यातील ओलाव्याने तो खुलतो. जायफळ नखभर, तेही रात्री घेण्याच्या लोण्यात. गुलकंद घालावयाचा असल्यास पाक निथळून केवळ पाकळ्या घ्याव्यात; ग्रीष्मातील दाह व मूत्रकृच्छ्र यांत हा योग रुचकर व उपयुक्त ठरतो.

सर्व चूर्णे खडीसाखरेत आधी एकत्र करून मगच लोण्यात मळावीत. लोणी मऊ असावे, वितळलेले नसावे. वितळवून ढवळलेले लोणी पुन्हा थिजते तेव्हा स्निग्धांश व पाणी वेगळे होतात आणि साखर तळाशी बसते.

गावाचे नाव जांभूळ, आणि शेजारच्या बदलापूरची जांभळे मुंबईच्या बाजारात नावाजलेली. तेव्हा लोण्यात जांभळाचा गर घालून पाहावा काय, असा प्रश्न आम्हांस कौतुकाने विचारला गेला आहे. गर पाणचट असल्याने तो लोण्यात एकजीव होत नाही, ही झाली व्यवहाराची बाजू. शास्त्राची बाजू अशी की, चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सव्विसाव्या अध्यायात दुधाशी विरुद्ध अशा फळांच्या यादीत जांभळाचाही समावेश केला आहे. तेथे नवनीताचा उल्लेख नाही, हे खरे. तरीही आम्ही हा प्रयोग सुचविणार नाही. जांभळे मीठ लावून वेगळी खावीत.

मधाचा प्रश्न अधिक गंभीर आहे. मध व तूप समप्रमाणात घेणे विरुद्ध मानले आहे. क्षयात साखर व मध यांसह नवनीत चाटण्याचा योग संग्रहग्रंथांत आहे, परंतु तेथेही प्रमाण विषम ठेवण्याचा संकेत पाळावा. एक वर्षाच्या आतील बालकास मध देऊ नये, हे आज बालरोगतज्ज्ञ आग्रहाने सांगतात, कारण मधातील जंतूंच्या बीजाणूंपासून त्या वयात बॉट्युलिझम हा घातक विकार होऊ शकतो. घरगुती गोड लोण्यात म्हणून खडीसाखरच उत्तम.

चिकित्सेतील स्थान

रक्तार्शात केशर, नवनीत व शर्करा यांचा नित्य उपयोग, तसेच तीळ व नवनीत यांचा योग चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात चौदाव्या अध्यायात आला आहे. येथील 'केशर' म्हणजे स्वयंपाकातील केशर नव्हे, हे रुग्णास बजावून सांगावे लागते. व्यवहारात वैद्य येथे नागकेशर घेतात. कमळाचे केसर घेण्याचाही पक्ष आहे. औषधालयचालकांनी येथे विशेष लक्ष द्यावे. खरा नागकेशर म्हणजे नागचाफ्याच्या फुलातील पिवळे, नाजूक पुंकेसर. कोकणातील सुरंगीच्या कळ्या 'तांबडा नागकेशर' म्हणून आणि काळसर, मिऱ्यासारखी दिसणारी अपक्व फळे 'काळा नागकेशर' म्हणून बाजारात सर्रास मिळतात. चूर्ण झाल्यावर भेद ओळखणे अवघड, म्हणून अखंड द्रव्य पाहून घ्यावे व चूर्ण आपल्या देखरेखीखाली करावे. मात्रा १ ते ३ ग्रॅम, एक कर्ष म्हणजे सुमारे १० ते १२ ग्रॅम नवनीत आणि त्याच्या चतुर्थांश खडीसाखर, सकाळी.

गुदमार्गे रक्तस्राव म्हणजे अर्शच, असे समजून मात्र चालणार नाही. वय चाळिशीपुढे गेलेले, मलप्रवृत्तीची सवय अलीकडे बदललेली, वजन घटलेले, पांडुता आलेली, अशा रुग्णाची गुदपरीक्षा व आवश्यक तेथे दुर्बिणीतून तपासणी झाल्याखेरीज लोणी-साखरेवर दिवस काढू नयेत. अर्बुदाचे निदान सहा महिने लांबणे ही किंमत फार मोठी आहे.

गर्भिणी परिचर्येत चौथ्या महिन्यात दुधासह अक्षमात्र नवनीत घेण्याचा चरकाचार्यांचा उपदेश सर्वांस ठाऊक आहे. त्या वचनात शर्करा नाही; ती घरातल्या कौतुकाची भर आहे. गर्भिणीत रक्तशर्करा वाढण्याचे प्रमाण लक्षात घेता, तपासणी झाल्याखेरीज साखरेची ही भर घालू नये; नुसते लोणी द्यावे.

दह्याऐवजी थेट दुधाच्या सायीतून, विरजण न लावता काढलेल्या लोण्याचा, क्षीरोत्थ नवनीताचा, निर्देशही ग्रंथांत वेगळा आहे. ते अतिशीत, संग्राही व रक्तपित्त आणि नेत्ररोग यांत श्रेष्ठ सांगितले आहे. उकळलेल्या दुधाची चांगली थंड केलेली ताजी साय घुसळली की ते निघते. वेळ अधिक लागतो, सुगंध कमी असतो, कारण दह्याच्या आंबण्यातून येणारा लोण्याचा परिचित वास त्यात नसतो. नाक व डोळे यांच्या पैत्तिक विकारांत खडीसाखरेसह ते देण्यास आमची पसंती आहे.

वर्ज्य कोणास? प्रमेहाच्या निदानात सुखासीनता, दही, दूध व गुळाचे पदार्थ यांची यादी आपण सर्वांनी पाठ केली आहे; तेथे गोड लोण्यास जागा नाही. स्थौल्य, आमावस्था, नवज्वर, कफज प्रतिश्याय व कास, कामला यांतही टाळावे. हृद्रोग व वाढलेले कोलेस्टेरॉल असलेल्या रुग्णांत संहितेतील 'हृद्य' हा शब्द पुढे करून मात्रा वाढविणे योग्य नव्हे. १२ ग्रॅम लोण्यात सुमारे ८६ कॅलरी आणि ६ ग्रॅमच्या आसपास संपृक्त मेद असतो. अल्पकाळ, मोजून दिलेली मात्रा वेगळी आणि पोळीवर रोज थापलेला गोळा वेगळा.

औषधालयचालकांसाठी

तयार गोड लोणी बरणीत भरून विकण्याचा विचार काही औषधालये करीत असल्याचे ऐकिवात आहे. आमचा सल्ला विरुद्ध आहे. साखर मिसळलेले, मसाल्याची चूर्णे घातलेले, पाण्याचा अंश असलेले लोणी हे टिकाऊ द्रव्य नव्हे. अवलेहात पाक शिजलेला असतो, घृतातून पाणी आटलेले असते. येथे दोन्ही नाही. शिवाय विक्रीसाठी अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ अन्वये नोंदणी वा परवाना लागेल आणि औषध म्हणून नाव दिल्यास औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० मधील निर्मितीचा परवाना. वैद्याने स्वतःच्या रुग्णांपुरते औषध तयार करण्यास त्या कायद्यात सवलत आहे. दुकानातील विक्रीस ती लागू होत नाही.

त्याऐवजी कोरडी बाजू आपण सांभाळावी. परवानाप्राप्त निर्मात्याने वस्त्रगाळ खडीसाखर, नागकेशर व वेलची यांचे योग्य प्रमाणातील मिश्रण एक-एक मात्रेच्या पुड्यांत द्यावे. रुग्णाने घरी अळणी ताजे लोणी मोजून त्यात पुडी मळावी आणि लगेच घ्यावी. साधे लोणी थंड पाण्यात बुडवून, पाणी रोज बदलून, शीतकपाटात तीन-चार दिवस ठीक राहते. साखर घातलेले लोणी पाण्यात ठेवता येत नाही. ते हवेत उघडे पडते आणि शीतकपाटातील कांद्या-लसणाचा वासही धरते. म्हणून साखर रोजची रोज मिसळावी. मुलांसाठी वा सणासाठी एकदम केलेले गोड लोणी घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवून दोन दिवसांत संपवावे.

रसकल्पांच्या निर्मात्यांस हा विषय आणखी एका अंगाने महत्त्वाचा आहे. सुवर्णमालिनी वसंतात नवनीत हे अनुपान नसून मर्दनद्रव्य आहे. सुवर्णभस्म, मौक्तिक, हिंगुळ, मरिच व खर्पर (व्यवहारात यशदभस्म) यांचे लोण्यात मर्दन करून मग स्निग्धता पूर्ण नाहीशी होईपर्यंत लिंबूरसाच्या भावना द्यावयाच्या असतात. येथे खारे वा रंगीत बटर वापरणे सर्वथा अयोग्य. आणि भावना घाईने आटोपल्यास उरलेला स्निग्धांश गोळीत खवट होतो. साठ्यातील गोळीस जुन्या तुपाचा वास येत असेल तर कारण बहुधा येथेच सापडेल.

उल्हासनगर १९४९ साली वसले, तेव्हापासून तेथील सिंधी कुटुंबे आमच्या शेजारी आहेत. 'लोणी' म्हटल्यावर त्यांच्याकडे गोंधळ होतो. 'मखण-मिश्री' म्हटल्यावर होत नाही. इराण्याच्या हॉटेलात मस्का-पाव खाऊन वाढलेल्या पिढीस 'मस्का' म्हणजे पुन्हा खारे बटरच वाटते. तेव्हा चिठ्ठीवर तीन शब्दांऐवजी पुढील मजकूर छापून घ्यावा, असे सुचवितो. आम्ही तो मराठी व हिंदी दोन्ही भाषांत वापरतो :

'घरी काढलेले, तीन दिवसांच्या आतील, मीठ व रंग नसलेले पांढरे लोणी (गाईचे असल्यास फिकट पिवळसर) दोन लहान चमचे. सोबतची एक पुडी त्यात मळून सकाळी उपाशीपोटी घ्यावी. लोण्यास आंबट, कडवट किंवा उग्र वास आल्यास घेऊ नये, त्याचे तूप कढवावे. मधुमेह असल्यास वैद्यांस आधी सांगावे. आठ दिवसांत रक्त थांबले नाही तर तपासणीस यावे.'